सुपरहिरो मालिकेचा शेवटचा अंक: खलनायकाच्या वरदानातली फट आणि बत्तीस पानांचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच अंकांची मराठी सुपरहिरो मालिका आहे, चार अंक छापून झालेत. नायिका लालबागची, गिरणी कामगाराची नात. भोवतालचा आवाज ती अंगात साठवते आणि धक्क्यासारखा परत फेकते, पण दर वेळी तिचं ऐकणं थोडं कमी होतं. खलनायक चाळी रिकाम्या करवून घेणारा. तो जिथे जातो तिथला आवाजच नाहीसा होतो, आणि चौथ्या अंकाच्या शेवटी त्याने अख्खं लालबाग मुकं करून टाकलंय. आता ३२ पानांत शेवट करायचा आहे. एवढा बलाढ्य झालेला खलनायक पटेल असा हरवायचा कसा, लढाई किती पानांची ठेवायची आणि पुढच्या मालिकेसाठी काही धागे सोडावेत का, हे तुम्हाला हवंय.

मी कॉमिक्सच्या संहिता लिहितो आणि दुसऱ्यांच्या संहिता संपादितही करतो. शेवटचा अंक फसलेला पाहतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं: लेखक ‘कोण जिंकणार’ याची उत्सुकता ताणत बसतो. नायिका जिंकणार हे वाचकाने पहिल्या अंकाची किंमत मोजली तेव्हाच गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे तर हे दुप्पट खरं आहे. रावण मरणार हे माहीत असूनच माणसं दरवर्षी रामलीलेला जातात. राज कॉमिक्स या हिंदी प्रकाशनाने २००७ पासून ‘नागायण’ काढलं. अनुपम सिन्हा आणि जॉली सिन्हा यांनी रामायणाच्या चौकटीत नागराज आणि ध्रुव या तिथल्या सुपरहिरोंना बसवलं आणि आठ कांडं रचली, शेवटचं ‘इति कांड’. सीतेच्या जागी असलेल्या विसर्पीचं हरण झालं तेव्हाच रावणाच्या जागी असलेल्या क्रूरपाशाचं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं होतं. तरी वाचक पुढच्या कांडासाठी थांबले, कारण त्यांना पाहायचं होतं ते कसं घडतं, आणि घडताना कोणाला काय मोजावं लागतं.

म्हणून तुमच्या पाचव्या अंकाचा प्रश्न असा मांडा: नायिका कशाच्या जोरावर जिंकते, आणि ते चौथ्या अंकापर्यंत वाचकाच्या डोळ्यांसमोर होतं का?

याचा सर्वांत चोख नमुना आपल्याच घरात आहे. हिरण्यकशिपूला वर मिळाला: माणसाकडून नाही, पशूकडून नाही; दिवसा नाही, रात्री नाही; घरात नाही, बाहेर नाही; जमिनीवर नाही, आकाशात नाही; शस्त्राने नाही. नृसिंह येतो तो संध्याकाळी, उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी. बारकाईने बघा, यात एकही गोष्ट आयत्या वेळी आणलेली नाही. खलनायकाच्या ताकदीची यादी हीच त्याच्या मरणाची यादी होती, फक्त ती उलट्या बाजूने वाचायची होती. रावणाने वर मागताना माणसांना आणि वानरांना मोजलंच नाही, त्याच्या गर्वानेच फट ठेवली. भस्मासुराचा हात तर त्याच्याच डोक्यापर्यंत पोहोचत होता. आपला वाचक, मग तो आठ वर्षांचा असो की अठ्ठेचाळीस, हा नियम आजीच्या गोष्टींतून शिकून आलेला असतो: वर मिळाला म्हणजे त्यात फट आहे, आता ती शोधा. शेवटच्या अंकात तुम्ही नायिकेला अचानक नवी शक्ती दिलीत, गुरू प्रकट करून अस्त्र दिलंत किंवा तिच्या रागाने तिचं बळ दहापट केलंत, तर या शोधणाऱ्या वाचकाला तुम्ही फसवलंत.

तुमचा खलनायक आवाज गिळतो. बरं, कुठला आवाज? चार अंकांच्या रूपरेषेत तुम्ही त्याच्या शक्तीची मर्यादा कुठेच लिहून ठेवलेली नाही, आणि तो हरेनासा झालाय तो त्यामुळेच. पण मर्यादा तुम्ही नकळत दाखवून ठेवली आहे. पहिल्या अंकात आजोबा चाळीच्या लोखंडी कठड्यावर चावी ठोकून नातीला हाक मारतात, कारण गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खात्यात आयुष्य काढून त्यांचे कान गेलेत. ही तुमच्या मालिकेतली सोन्याची खाण आहे आणि तुम्ही तिच्यावर चार अंक बसून आहात.

मागांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचं ऐकणं जातं, ही गिरण्यांच्या इतिहासातली जगभरची गोष्ट आहे. त्या खात्यात कामगार हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून एकमेकांशी बोलत. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राची: आवाज फक्त हवेतून जात नाही. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजार मीटरच्या आसपास. कान गेलेल्या माणसाला लोखंडातली थरथर तळहातातून, पायांतून, जबड्याच्या हाडातून कळते. तुमचा खलनायक हवेतला आवाज गिळतो एवढंच तुम्ही आजवर चित्रांत दाखवलंय. लोखंडातल्या थरथरीवर त्याचा हात पोहोचतो असं एकदाही दाखवलेलं नाही. त्याच्या वरातली फट ती.

आता यातून काय साधतं बघा. नायिकेने प्रत्येक अंकात शक्ती वापरून कान गमावत आणले. चार अंक ही तिची शिक्षा होती. पाचव्यात उरलंसुरलं ऐकणंही जातं, खलनायकाला वाटतं आता ती संपली, आणि नेमकी त्याच क्षणी ती आजोबांच्या जगात पोहोचते, जिथे हवेची गरजच नाही. जी किंमत तिने मोजली तीच किल्ली झाली. शिवाय एकटीच्या ताकदीचा प्रश्न मिटतो, कारण लोखंडात थरथर निर्माण करायला माणसं लागतात. चाळीतला प्रत्येक जण आपापल्या कठड्यावर, जिन्यावर, नळाच्या पाइपवर ठोकू लागला तर तिला साठवायला पुरेसं मिळेल. पहिल्या अंकातल्या एका चावीचं पाचव्या अंकात सगळ्या लालबागचं ठोकणं होतं. यासाठी तुम्हाला नवं पात्र, नवा शोध, नवी भविष्यवाणी काही आणायचं नाही.

एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकात ही चावी दिसते का ते तपासा. दिसत नसेल आणि अंक छापून झाले असतील, तर पाचव्याच्या पहिल्या दोन पानांत, ‘आतापर्यंत’ सांगताना, तो प्रसंग एका लहान चौकटीत परत दाखवा. मोठ्या चौकटीत नको, नाहीतर वाचक पान ३ वरच उत्तर ओळखेल. मागचे भाग सांगणारी पानं तशीही लागतातच. आपल्याकडे मालिका सलग वाचायला मिळणं हे भाग्य असतं; भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयांच्या काळात मुलांच्या हातात तिसरा भाग आधी आणि पहिला नंतर पडायचा, आजही प्रदर्शनात नवा वाचक समोर दिसेल तो अंक उचलतो.

खलनायक मरावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. भारतीय सुपरहिरोंमध्ये याची दोन टोकं आहेत. १९८७ मध्ये आलेला सुपर कमांडो ध्रुव कोणाचा जीव घेत नाही. सर्कशीत वाढलेला, कसलीही अतिमानवी ताकद नसलेला हा मुलगा डोकं चालवून शत्रूला जेरबंद करतो. मुंबईतला डोगा बंदूक चालवतो आणि गुन्हेगाराला कायमचा संपवतो. दोघंही लोकप्रिय झाले, कारण दोघांचे शेवट आपापल्या स्वभावाला धरून येतात. ध्रुवच्या गोष्टीत शेवटच्या पानावर खून आला असता तर तो विजय वाटला नसता. तुमच्या नायिकेने चार अंकांत कोणाला मारलेलं नाही. मग पाचव्यातही मारायचं नाही. खलनायकाची शिक्षा त्याच्या पापातूनच यावी: ज्याने सगळ्यांचा आवाज घेतला त्याचं म्हणणं आता कोणी ऐकून घेत नाही. चाळीची सभा भरते, तो बोलतो, आणि लोक उठून जातात. कायद्याची कारवाई दाखवायची तर एका चौकटीत उरका. आणि कृपा करून त्याचा चेहरा कुठल्या खऱ्या बांधकाम व्यावसायिकाशी किंवा पुढाऱ्याशी जुळवू नका. गिरणगावाचा राग खरा आहे, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची आणि त्यानंतर गेलेल्या नोकऱ्यांची जखम खरी आहे. ती एका खऱ्या माणसाच्या व्यंगचित्रात कोंबलीत तर छोटी होते.

आता लढाईची पानं. इथे मला जरा जोर देऊन सांगायचंय. महाभारताची अठरा पर्वं घ्या. युद्ध भीष्मपर्वात सुरू होतं, म्हणजे सहाव्यात, आणि सौप्तिकपर्वात, दहाव्यात, शेवटचा संहार होतो. त्यानंतर आठ पर्वं आहेत. स्त्रीपर्वात रणांगणावर बायका आपापली माणसं शोधतात, शांतिपर्वात जिंकलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसं होतं, पुढे यादव आपसांत लढून संपतात, मग हिमालयाची वाट. अठरापैकी आठ! जगातली एवढी मोठी युद्धकथा आपल्याला सांगते की युद्ध संपणं आणि गोष्ट संपणं यात बरंच अंतर असतं. आणि आपल्या कॉमिक्सचे शेवटचे अंक पाहा: तीसपैकी सत्तावीस पानं हाणामारी, एक पान स्फोट, एक पान नायक डोंगरावर उभा, आणि शेवटी पुढच्या अंकाची जाहिरात. वाचक ज्या माणसांच्या काळजीने पाच अंक वाचत आला त्या माणसांना भेटायला एक चौकटही नाही.

तुमच्याकडे ३२ पानं आहेत. कव्हर वेगळं धरलं तर मधोमध पिना मारलेल्या अंकात पान १ उजवीकडे येतं, सम पानं डावीकडे. म्हणजे उलटल्यावर समोर येणारं पहिलं पान नेहमी सम असतं. जो धक्का द्यायचा तो सम पानावर, आणि त्याच्या आधीच्या विषम पानाची शेवटची चौकट ही उलटायला लावणारी. पान १६ आणि १७ हे एकाच कागदावर असतात, त्यामुळे तिथे जोडचित्र, म्हणजे दोन पानांवर पसरलेलं एकच चित्र, घडीवर तुटत नाही. तुमचं सर्वांत मोठं चित्र तिथेच हवं. मी असा भाग पाडेन: पहिली दोन पानं मागचं सांगायला. ३ ते ९ मुकं लालबाग, लोक काय करतात, नायिका कुठे लपली आहे. १० ते १५ पहिली झुंज, जिच्यात ती हरते. १६-१७ वर तिचं ऐकणं पूर्ण जातं. १८ ते २२ चाळीचं ठोकणं आणि निकाल. २३ पासून शेवटपर्यंत, चांगली दहा पानं, नंतरचं. तुमचा चित्रकार म्हणेल की लढाईला अकराच पानं? हो. पहिले चार अंक त्याने लढायाच काढल्यात, एव्हाना त्याचे हात तयार आहेत, अकरा पानांत तो बावीस पानांचं काम करेल.

त्या १६-१७ पानांसाठी एक सुचवतो, आणि या उत्तरातलं मला सर्वांत प्रिय असलेलं हेच आहे. तुमच्या मालिकेत आवाज हाच विषय आहे आणि कॉमिक्स हे माध्यम मुळात निःशब्द आहे. इथे आवाज दिसतो तो अक्षरांतून: ‘धडाम’, ‘खण्ण’, ‘सर्रर्र’. तुम्ही चार अंकांत ही ध्वनी-अक्षरं भरपूर वापरलीत. चौथ्या अंकाच्या शेवटी खलनायकाने लालबाग मुकं केलं, पण पानावर मात्र संवादांचे फुगे तसेच राहिले आहेत. पाचव्यात ते काढून घ्या. पान ३ पासून रस्त्यावरच्या माणसांचे फुगे रिकामे काढा, तोंडं हलताहेत, फुगा आहे, आत अक्षर नाही. नायिकेचे स्वतःचे विचार चौकोनी पट्ट्यांत चालू राहू देत. १६-१७ वर ध्वनी-अक्षरं पूर्ण बंद. आणि १८ पासून एक नवं रूप आणा: अक्षरं हवेत तरंगणारी नकोत, लोखंडाच्या आत कोरल्यासारखी, कठड्याच्या रेषेत, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेत बसलेली ‘ठक् ठक्’. वाचकाला कोणी समजावून सांगायची गरज राहणार नाही की हा वेगळ्या जातीचा आवाज आहे. यासाठी अक्षरं टाकणाऱ्याला चित्रकाराबरोबर आधीपासून बसवा. आपल्याकडे अक्षरलेखन सगळं झाल्यावर शेवटच्या दोन दिवसांत उरकतात. या अंकात तसं केलंत तर ही कल्पना मेली.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं, म्हणून त्याच आकाराच्या फुग्यात इंग्रजीपेक्षा कमी मजकूर मावतो. एका फुग्यात वीस शब्दांच्या वर जाऊ नका, लढाईच्या पानांवर आठ-दहा पुरेत. आणि मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं याचा फायदा घ्या. ‘मी तुझ्यासाठी ही चाळ’ इतकं एका फुग्यात, ‘सोडणार नाही’ पुढच्या चौकटीत. उलटायच्या पानावर हे फार उपयोगी पडतं.

मोबाइलवर उभ्या पट्टीत अंक टाकणार असाल तर १६-१७ चं जोडचित्र तिथे काडेपेटीएवढं दिसेल. त्यासाठी चित्रकाराकडून तेच दृश्य उभ्या मांडणीत वेगळं काढून घ्या, आणि पान उलटण्याच्या जागी दोन बोटांनी सरकवावी लागेल इतकी कोरी जागा सोडा.

राहिला पुढच्या मालिकेचा प्रश्न. आपल्या वाचकाला शेवटांची उपासमार आहे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं, आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये त्यात आला, आणि १९९० मध्ये प्रकाशनच थांबलं. कितीतरी मालिका अशा बंद पडल्या, संपल्या नाहीत. त्यामुळे नव्या प्रकाशनाचा पहिला अंक घेताना अनेक जण मनात हेच धरून असतात की हेही मध्येच थांबेल. तुम्ही पाच अंक म्हणालात आणि पाचव्यात खरोखर संपवलंत, तर पुढच्या मालिकेसाठी याहून मोठी जाहिरात नाही. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन इंडिया’ अवघ्या चार अंकांची आली, त्यातला मुंबईचा स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर अनेक वर्षांनी मोठ्या पडद्यावर परतला. पात्र जिवंत राहायला शेवटच्या पानावरचा लोंबता धागा लागत नाही, पात्र लक्षात राहावं लागतं. तेव्हा समुद्रातून वर येणारा गूढ हात, अंधारातले लाल डोळे वगैरे शेवटच्या चौकटीत नकोत. नायिका आता ऐकू शकत नाही, तिला हातांची भाषा शिकायची आहे, आजोबा ती आधीपासून थोडी जाणतात. दुसऱ्या मालिकेला एवढी सुरुवात भरपूर आहे आणि पहिलीचं काहीही अडवून धरलेलं नाही.

तिचे कान मात्र परत आणू नका. वाचक पत्रं लिहून मागतील, तुमचा वितरकही म्हणेल की गोड शेवट करा. पाच अंक तुम्ही सांगितलंत की शक्तीची किंमत असते. ती शेवटी परत केलीत तर आधीची चारही पुस्तकं खोटी पडतात.

कामाच्या क्रमाबद्दल शेवटचं सांगतो, कारण बहुतेक शेवटचे अंक संहितेत नव्हे तर टेबलावर बिघडतात. महोत्सवाची तारीख ठरलेली असते. २०११ मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन झालं तेव्हापासून आपल्याकडचे लहान प्रकाशक नवे अंक त्या गर्दीसाठी राखून ठेवतात, आणि चित्रकार पान १ पासून क्रमाने काढत गेला की सगळी घाई येऊन पडते ती शेवटच्या दहा पानांवर. चेहरे सपाट होतात, पार्श्वभूमी गायब होते, रंग एका रात्रीत भरले जातात. म्हणून चित्रकाराला आधी २३ ते ३२ काढायला सांगा, मग १६-१७, मग बाकीचं. कथानक पक्कं असेल तर हे सहज जमतं, आणि पक्कं नसेल तर तेही या क्रमामुळे लगेच उघड होतं. घाईत काही बिघडायचंच असेल तर १० ते १५ मधली हाणामारी बिघडू द्या. आजोबा आणि नात कठड्यापाशी बसलेली पानं चित्रकाराने ताज्या हाताने काढलेली असली पाहिजेत. छपाईआधी कागदावर एक कच्ची प्रत काढा, खऱ्या पिना मारून, आणि मालिका न वाचलेल्या कोणाला तरी हातात द्या. ती व्यक्ती पान २१ वर पोहोचेल तेव्हा काही विचारू नका, फक्त ती पान किती लवकर उलटते ते बघा.